मोईन ड्युटीवर होता: संभाजीनगरातला 'प्रेस शॉप'चा कार्यक्रम

मी मत्सरी माणूस नाही, असं आमच्या घरात फक्त मीच म्हणतो. बायकोला, म्हणजे मेधाला विचाराल तर ती वेगळं सांगेल. जुन्या ट्रेनी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'प्रेस शॉप'च्या कार्यक्रमाचं पोस्टर आलं आणि मी ते दोन बोटांनी मोठं करून पुन्हा पुन्हा बघत बसलो. तेव्हा तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊन ये एकदाचा. इथे बसून जळण्यापेक्षा तिथे जाऊन जळ."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'प्रेस शॉप' हा वाळूजच्या कामगारांचा रॉक बँड आहे. कारखान्यात पत्रा दाबून सुटे भाग काढतात त्या विभागाला प्रेस शॉप म्हणतात. तिथे आम्ही चौघं ट्रेनी म्हणून लागलो होतो आणि दिवसभर त्या धाडधाड आवाजात राहून आमचे कान असे तयार झाले होते की भावगीत ऐकू आलं तरी कुणीतरी कुजबुजतंय असं वाटायचं. बँड निघाला तो त्यातून. दत्ता बास गिटार वाजवायचा, राजू गायचा, ड्रमवर एक होता आणि गिटारवर मी. वर्षभर वाजवलं. मग मला पुण्यात बरी नोकरी लागली आणि मी गेलो. माझ्या जागी छावणीतला मोईन आला. याला आता तीस वर्षं होत आली. सगळे पन्नाशी ओलांडलेले, दोघांना चष्मा, एकाला साखर. तरी बँड चालू आहे. आपल्याकडे एवढा टिकलेला रॉक बँड शोधायला गेलात तर हाताची बोटं उरतील.

आणि पोस्टरवर मधोमध, काळा चष्मा लावून, मोईन.

मला एकच गोष्ट बघायची होती. त्या बँडमध्ये माझी काही जागा उरली आहे की नाही. 'शिफ्ट सुटली' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. शब्द दत्ताचे, पण मधला गिटारचा सोलो मी बांधलेला. तो मोईन तीस वर्षं वाजवतोय. कुणी कधी माझं नाव घेतलं असेल का, एवढं जरी कळलं असतं तरी मी गपगुमान परत आलो असतो. मी येतोय हे कुणालाच कळवलं नाही. गिटार मात्र डिकीत टाकली, चादरीखाली. मेधा टाटा करायला खाली आली आणि म्हणाली, "चादरीला मान फुटलीय तुझ्या."

शनिवारी सकाळी निघालो. पुण्याहून जाणाऱ्यांनी वाघोली उजाडायच्या आत पार करावी, नाहीतर अर्धा प्रवास तिथेच होतो. मी उशिरा निघालो आणि माझा तसाच झाला. शिक्रापूर, शिरूर, सुपे करत नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत होते. बायपासला मिसळ खाल्ली. रस्सा तिखट आणि पाव कालचा होता, पण भूक ताजी असल्यामुळे तक्रार नाही. पुढे नेवासा फाट्यापर्यंत रस्ता चांगला आहे, मध्येमध्ये उसाच्या ट्रॉल्या सांभाळाव्या लागतात. प्रवरासंगमला पुलाच्या अलीकडे मासे तळून देतात. खाणाऱ्याने तिथे जरूर थांबावं. मी थांबलो नाही, कारण मिसळ अजून बोलत होती. आणि खरं सांगायचं तर मनात सारखं तेच चालू होतं: मला पाहून दत्ता काय म्हणेल, मी काय म्हणेन, मग तो मला वर बोलावेल, मी आधी नको नको म्हणेन.

पूल ओलांडला की बोली बदलते. टपरीवर चहा घेतला तर टपरीवाला विचारतो, "साखर घालू का नगं?" आणि आपण उगाच हसतो.

वाळूज आलं ते नेमकं दुपारच्या शिफ्टच्या वेळी. या रस्त्याने येणार असाल तर तीनच्या आसपास वाळूजमधून जाऊ नका. कंपन्यांच्या बसगाड्या, त्यांच्या मधून हेल्मेट कोपरात अडकवलेले मोटारसायकलवाले, डबे, बॅगा. पहिली शिफ्ट बाहेर पडत होती आणि दुसरी आत चालली होती. मी चौकात अडकून पडलो. बसच्या खिडक्यांशी निवांत डुलक्या घेत आत जाणाऱ्या माणसांकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, सुटलो बुवा यातून. त्यातल्याच एका बसमध्ये मोईन होता, हे मला संध्याकाळी कळलं.

स्टेशन रोडला एका साध्या लॉजवर खोली घेतली. गरम पाणी सकाळीच, गाडी लावायला जागा आहे, गाद्या पातळ. दोन रात्री काढायच्या असतील तर दुसरं काही बघा, एका रात्रीला पुरे. आंघोळ करून, इस्त्रीचा काळा शर्ट घालून मुकुंदवाडीला गेलो.

कार्यक्रमाची जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल. वरच्या मोठ्या हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा होता. खाली आमचं. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचे पिंप, भिंतीवर 'अन्न वाया घालवू नये'ची पाटी आणि तिच्याच खाली ड्रमसेट. सगळीकडे मठ्ठ्याचा वास. शे-सव्वाशे माणसं बसतील एवढीच जागा, आणि सगळी भरलेली. तिकीट दोनशे रुपये, त्यात चहा आणि समोसा. मी पुण्यात याच्या कितीतरी पट पैसे देऊन मैदानात टाचा उंचावून ठिपक्याएवढे गायक पाहिले आहेत. इथे पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय पसरले तर बूट गायकाला लागतील.

प्रेक्षकही मैदानातले नव्हते. निवृत्तीला आलेले कामगार, त्यांच्या बायका, साड्यांवर स्वेटर, एकीच्या मांडीवर विणकाम. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी पर्समधून खोकल्याची गोळी काढली, मलाही एक दिली.

"तुमी बी घ्या, वरचा सूर हाय लई."

मला वाटलं, गायकाच्या वरच्या सुराबद्दल बोलतायत. गोळी घेतली.

बँड आला. दत्ता टक्कल पडून दुप्पट झाला होता, पण बास तसाच पोटाच्या खाली, लंगोटासारखा. राजू आला, ड्रमवाला आला. आणि उजव्या बाजूला एका खुर्चीवर कुणीतरी लाल गिटार आणून ठेवली, तिची वायर अ‍ॅम्पला जोडली, अ‍ॅम्पचा दिवा लावला आणि तो माणूस निघून गेला. खुर्चीवर फक्त गिटार.

"मोईन कुठेय?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"मोईनभाईची सेकंड शिफ्ट हाय."

"मग गिटार कोण वाजवणार?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पयल्यांदा आलात व्हय?"

माझ्या काळजात काय झालं ते लपवत नाही. आनंद झाला. मोईन नाही, गिटार रिकामी आहे आणि माझी गिटार पन्नास पावलांवर डिकीत आहे. कुणाची सेकंड शिफ्ट लागल्याचा एवढा आनंद मला स्वतःची फर्स्ट शिफ्ट लागल्यावरही झाला नव्हता.

पहिलं गाणं सुरू झालं. म्हाताऱ्यांच्या बँडला आपण मनातल्या मनात सूट देऊन ऐकतो. मी ती द्यायला तयार होऊन बसलो होतो, पण त्यांना ती लागली नाही. बास आणि ड्रम इतके घट्ट होते की पिंपातलं पाणी थरथरत होतं. राजूचा आवाज खाली उतरलाय, पण उतरल्यावर बरा झालाय. मी चुका शोधत होतो आणि सापडत नव्हत्या. मग गिटारच्या सोलोची जागा आली. राजू माइकपासून दोन पावलं मागे सरला, दत्ता आणि ड्रम चालूच राहिले, आणि सगळा हॉल गायला लागला.

शब्द नाहीत. ना ना ना, तारा रा, जसं ज्याला जमेल तसं. पण सूर एकच आणि पक्का. विणकामवाल्या बाई सुया न थांबवता गात होत्या. पाण्याच्या पिंपाशी उभे असलेले दोघं पेले हातात धरून गात होते. मोईनने जो सोलो वाजवला असता तो शंभर माणसं गळ्याने वाजवत होती. संपला तसा राजू पुढे आला आणि गाणं पुढे सुरू, जणू काही झालंच नाही.

"आमाला सगळे पाठ हायेत," बाई म्हणाल्या. "ह्यांच्यातलं कुणी ना कुणी ड्युटीवर असतंयच की. बासवाला नसला तर लई अवघड जातं, घसा दुखतो. मोईनभाईचं सोपं हाय."

मी आजवर अनेक गोष्टींचा हेवा केला आहे. मित्रांची घरं, शेजाऱ्यांच्या मुलांचे मार्क, एका सहकाऱ्याचे दाट केस. पण रिकाम्या खुर्चीचा हेवा मी पहिल्यांदाच केला.

मध्ये चहा होता. समोसा उत्तम, चटणी घरची. मी रांगेत मुद्दाम अशा जागी उभा राहिलो की दत्ताला दिसावं. दिसलो. त्याने क्षणभर डोळे बारीक केले आणि मग माझ्या पाठीत असा रट्टा दिला की चहा शर्टावर.

"शिऱ्या! कवा आलास बे? कळवायचं नाय का?"

"सहज आलो."

"सहज काळा शर्ट घालून? गिटार आणलीस का?"

"गाडीत पडलेली असते," मी म्हणालो.

"मग घेऊन ये की. शेवटच्याला ये वर. 'शिफ्ट सुटली'ला."

नको नको म्हणायचं ठरवलं होतं ते विसरलो. पन्नास पावलं पळत गेलो.

शेवटच्या गाण्याला वर चढलो. स्टेज म्हणजे चार लाकडी पाट जोडलेले, त्यात हलायला जागा नाही. मी सवयीने उजवीकडे, लाल गिटारच्या खुर्चीकडे गेलो आणि ती थोडी सरकवायला हात घातला. दत्ताने खांद्याला धरून मला आपल्या बाजूला ओढलं. "इकडं उभा रहा माझ्यापाशी. ती जागा राहू दे." प्रेमाने म्हणाला, पण मला ते झोंबलं. त्याने माइकवर माझी ओळख करून दिली: आमचे पुण्याचे पाहुणे. पाहुणे!

गाणं सुरू झालं. सोलोची जागा आली. मी डोळे मिटले आणि वाजवायला लागलो. माझा सोलो, मी बांधलेला, जलद, खालून वर झेपावणारा, पुण्याच्या खोलीत गेला आठवडाभर दार लावून घोटलेला. आणि त्याच क्षणी हॉल गायला लागला. ते माझं काही गात नव्हते. दुसरंच काहीतरी, संथ, सरळ, एका पायरीवर पाय ठेवून मग दुसऱ्या पायरीवर जाणारं. मला वाटलं मी चुकलो. मग वाटलं ते चुकले. मी आणखी जोरात वाजवलं. दोन्ही एकमेकांत अडकून असा गोंधळ झाला की ड्रमवाला दात विचकून हसायला लागला. डोळे उघडले तर खोकल्याच्या गोळीवाल्या बाई समोरून माझ्याकडे पाहत होत्या. गाता गाताच त्यांनी तळहात खाली दाबल्यासारखा केला. मंदिरात बोलणाऱ्या माणसाला गप्प करतात, तसा.

मी थांबलो. तारांवर हात ठेवला. त्यांनी मोईनचा सोलो शेवटपर्यंत म्हटला आणि स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या.

खुर्च्या आवरताना दत्ताला विचारलं, "माझी जागा कधी ठेवली नाहीत तुम्ही अशी?"

तो खुर्च्या एकात एक घालत राहिला. म्हणाला, "ठेवली व्हती की. लई दिवस ठेवली. पण ड्युटीवर असणाऱ्याची जागा ठेवता येती, शिऱ्या. तू गेलतास. येणार का नाय ते बी कळवलं नायस. मग मोईन आला."

"आणि मोईनला एक दिवस सुट्टी टाकता येत नाही?"

"कुणीच टाकत नाय. एकानं टाकली की दुसऱ्याला टाकावी लागती. मग पोरीच्या लग्नाला सुट्ट्या कुठनं आणायच्या? त्यापरीस लोकांनी म्हणावं."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, आणि राग कुणावर करावा ते कळेना. लॉजवर आलो आणि न जेवता झोपलो. ही चूक तुम्ही करू नका, स्टेशन रोडला जेवण चांगलं मिळतं.

रविवारी सकाळी मोईनचा फोन आला. नंबर दत्ताने दिला असणार. "श्रीकांतसाब, मोईन बोलरा. छावणीत या, चाय पिऊ." न जाण्याचं कारण शोधत छावणीत पोचलो.

बाजाराच्या तोंडाशी एका हॉटेलात तो बसला होता. केसांना मेंदी, सकाळी नऊला काळा चष्मा, बोटांत तीन अंगठ्या. त्याने दोन 'पाणी कम' सांगितले. इथे हा चहा प्यायलाच हवा, दूध इतकं दाट की कप तिरका धरला तरी साय हलत नाही. मी मनातून त्याला साधा, गरीब, माझ्या पाया पडणारा माणूस ठरवून आलो होतो. त्याने मी कसा आहे हेसुद्धा विचारलं नाही.

"कल लोगां बराबर गाये क्या?"

"गायले."

"शेवटचा वरचा सूर? पोचले?"

"पोचले."

"पूरे?"

"पूर्ण हॉल."

तो समाधानाने मागे टेकला. मग म्हणाला, "तुमी मध्येच कायतरी वाजवलं म्हणे."

"माझाच सोलो वाजवला," मी म्हणालो. "मूळचा."

"हौ, तो. वो मैं सीखा था ना. सहा महिने लागले. एक नंबर वाजवायचो, दत्ताकू पूछो." त्याने टेबलावर बोटांनी माझ्या सोलोची सुरुवात वाजवून दाखवली, बरोब्बर. "फिर एक बार मेरेकू सेकंड शिफ्ट लागली. तर दत्तानं काय केलं? गाणंच गाळलं. म्हणला, गिटार नाय तर गाणं नाय. मेरा दिमाग खराब हो गया. मी नाय तर गाणंच नाय? लोगां मेरेकू भूल जाते ना, मियाँ."

"मग?"

"मग मी दुसरा बांधला. कुणीबी म्हणंल असा. बायकांकू, म्हाताऱ्यांकू, सबकू आना. पहिले बिवीकू सिखाया, वो गल्ली में सिखाई." त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अब मैं नहीं रहता तो भी मैं च रहता."

मी चहा प्यायलो. आता यात मत्सर करायला काही उरलं नाही असं कुणाला वाटेल, पण उलट झालं. कालपर्यंत मला वाटत होतं त्याने माझी जागा घेतली. माझा सोलो इतका अवघड होता की मी गेलो तेव्हा तो माझ्याबरोबरच जावा, अशी त्याची बांधणी होती, आणि त्याचा मला तीस वर्षं अभिमान होता. या माणसाने नुसत्या हौसेपायी, आपलंच नाव राहावं म्हणून, असं काही बांधलं की तो कारखान्यात यंत्रासमोर उभा असताना मुकुंदवाडीत शंभर माणसं त्याला गातात. बरं, तो विनम्र असता तर मी त्याला माफही केलं असतं.

दुपारी त्याने जुन्या शहरात नेऊन नान खलिया खाऊ घातला. हा इथला खास पदार्थ, मोठी लुसलुशीत नान आणि वर तर्री तरंगणारा मटणाचा रस्सा. बिल द्यायला मी पाकीट काढलं तर म्हणाला, "नक्को, पाव्हणे हो तुम." पाहुणे, पुन्हा. रस्सा अप्रतिम होता, हेही मला आवडलं नाही.

परतीचा रस्ता तोच. रविवार असल्यामुळे वाळूज शांत होतं, नगरपर्यंत सुसाट आलो, वाघोलीत नेहमीची शिक्षा भोगली. घरी आलो तेव्हा मेधा टीव्ही बघत होती. "जळून आलास?" तिने विचारलं. "चांगला," मी म्हणालो. ती पोळ्या गरम करायला उठली.

ही सहल करावी का? करावी. बँड वर्षातून एक-दोनदाच वाजवतो, पोस्टर ऐनवेळी येतं, जागा थोड्या असतात. गेलात तर खोकल्याची गोळी बरोबर ठेवा, आणि कुणी गायला लागलं तर लाजू नका. आपली गिटार नेऊ नका.

माझ्याजवळ काय राहिलं, ते मंगळवारी कळलं. मी चहा टाकत होतो आणि मेधा म्हणाली, "कुठलं गाणं आहे हे? दोन दिवस तेच चाललंय." मी थांबलो. मोईनचा सोलो होता. चिडून मी माझा आठवायला गेलो, पहिले चार सूर आले आणि पुढे हातात गिटार असल्याशिवाय येईना. तो गळ्यासाठी नव्हताच बांधलेला. चहा उतू जाईपर्यंत मी पुन्हा मोईनच्या पायऱ्या चढत होतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर दत्ताला लिहिलं की पुढच्या कार्यक्रमाला येतो, आधी कळवतोय, लक्षात ठेव. त्याचं लगेच उत्तर आलं: "ये की. वर उभा राहणार का खाली?"

मी लिहिलं, "खाली. फक्त एक काम कर. मोईनची सेकंड शिफ्ट बघून तारीख धर. तो आला तर मला गायला मिळणार नाही."